आदेश कंपनीवर, पैसे संचालकांकडे: ठाणे-नवी मुंबईतल्या अडकलेल्या घरखरेदीदारांनी काय करावं

ठाण्याच्या तहसील कार्यालयात वसुलीच्या टेबलासमोर मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा माझ्या हातात महारेराचा, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचा, आदेश होता. त्यावर आमची नावं होती, व्याजासकट परताव्याची रक्कम होती. कारकुनांनी फाईल उघडली आणि विचारलं, "ताई, वॉरंट कंपनीच्या नावाने आहे. कंपनीच्या नावावर काय आहे ते सांगा, जप्ती करतो." कंपनीच्या नावावर काहीच नव्हतं. जमीन मूळ मालकाची, तिच्यावर वित्तसंस्थेचा बोजा, बँक खात्यात काही हजार रुपये आणि भाड्याच्या ऑफिसला टाळं. त्याच कंपनीचे दोन संचालक मात्र घोडबंदर रोडलाच दुसऱ्या नावाच्या कंपनीतून नवा प्रकल्प विकत होते.

मला जास्त लागलं ते वेगळंच. मी बावीस वर्षं एका बँकेच्या कर्ज विभागात काढली. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला कर्ज द्यायचं तर संचालकांची वैयक्तिक हमी घेतल्याशिवाय आम्ही फाईल पुढे सरकू देत नव्हतो. कंपनी बुडाली तरी माणूस हातात राहावा, एवढाच त्यामागचा विचार. आणि तशाच एका कंपनीला मी स्वतःच्या घरासाठी आयुष्यभराची बचत दिली, तेव्हा करारनाम्यावर समोरून सही करणारा कोण आहे हेही नीट वाचलं नाही. महारेराकडे तक्रार केली तीही फक्त कंपनीविरुद्ध.

म्हणून हा लेख. तुमचा ताबा रखडला असेल, परताव्याचे वायदे चालू असतील किंवा ठेवीचे पैसे अडकले असतील, तर संचालकाचं नाव आणि त्याने स्वतः केलेली गोष्ट तुमच्या पहिल्याच कागदात आली पाहिजे. नंतर ती घुसवणं फार अवघड जातं.

आधी कायदा, थोडक्यात

कंपनी ही कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती आहे. तिचं देणं हे आपोआप संचालकाचं देणं होत नाही. हे तत्त्व इंग्लंडमधल्या १८९७ च्या सॉलोमन खटल्यापासून चालत आलंय आणि आपल्याकडची न्यायालयंही ते पाळतात. 'बिल्डरने फसवलं' असं म्हणून संचालकाच्या घरावर जप्ती येत नाही.

पण या भिंतीला दारं आहेत. काही कायदेच सांगतात की कंपनीने गुन्हा केला तर तिचा कारभार पाहणारा माणूसही दोषी धरला जाईल. रेराचं (ज्या कायद्याखाली महारेरा आहे त्याचं) कलम ६९, चेकच्या कायद्याचं कलम १४१ आणि ठेवीदारांसाठीचा एमपीआयडी कायदा ही त्याची उदाहरणं. संचालकाने वैयक्तिक हमी दिली असेल किंवा स्वतःच्या खात्याचा चेक दिला असेल तर तो थेट अडकतो. त्याने स्वतः फसवणूक केली असेल तर कंपनीच्या आड लपता येत नाही. आणि कंपनी दिवाळखोरीत गेली, तर बुडणार हे दिसत असूनही जो पैसे काढत राहिला त्याच्याकडून भरपाई मागता येते. आपल्या प्रकरणात यातलं कोणतं दार उघडं आहे, हे कागद पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून वकील गाठण्याआधी कागद गोळा करा. वकिलांचा वेळ आणि तुमची फी, दोन्ही वाचतात.

पायरी पहिली: कागद

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. महिनाभर लागला तरी चालेल.

सुरुवात तुमच्याच करारनाम्यापासून. पहिल्या पानावर 'तर्फे संचालक श्री. अमुक' असं असतं, शेवटच्या पानांवर सही, फोटो आणि अंगठ्याचा ठसा असतो. ते नाव आणि ती तारीख लिहून ठेवा. बऱ्याचदा सही संचालकाची नसतेच, कुलमुखत्यारपत्र घेतलेल्या कर्मचाऱ्याची असते. मग ते मुखत्यारपत्र कोणी दिलं ते पाहा. ते बहुधा करारनाम्याला जोडलेलं असतं.

मग केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाचं संकेतस्थळ. कंपनीचं नाव टाकलं की मास्टर डेटा मोफत दिसतो: नोंदणीचा पत्ता, कोणत्या कंपनी निबंधकाकडे नोंद आहे, शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा भरला आणि संचालकांची नावं. प्रत्येक संचालकाला एक ओळख क्रमांक असतो, ज्याला सगळे 'डिन' म्हणतात. त्या क्रमांकावरून तो आणखी कोणकोणत्या कंपन्यांत आहे ते निघतं. आम्हाला नव्या प्रकल्पाची कंपनी अशीच सापडली.

शंभर रुपये भरले की त्या कंपनीने निबंधकाकडे भरलेले कागद पाहता येतात. यातले तीन मुद्दाम काढा. पहिला, डीआयआर-१२ हा फॉर्म. संचालक कधी आला, कधी गेला, हे त्यावरून कळतं. प्रकल्प रखडायला लागला की राजीनाम्यांची रांग लागते, आणि मग "मी तर केव्हाच सोडलं" असं उत्तर येतं. कंपनी कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे राजीनामा दिला तरी आपल्या काळात घडलेल्या गुन्ह्यांची जबाबदारी संपत नाही. त्यामुळे तारखा सोन्याच्या मोलाच्या.

दुसरा, ताळेबंद, म्हणजे एओसी-४ सोबतची जोडपत्रं. आकड्यांना घाबरू नका, टिपा वाचा. 'संबंधित पक्षांशी व्यवहार' अशा अर्थाची एक टीप असते. त्यात संचालकांच्या इतर कंपन्यांना, नातेवाइकांना दिलेली कर्जं आणि उचल दिसते. 'ग्राहकांकडून आगाऊ रक्कम' हा आकडा एका बाजूला वाढतोय आणि दुसऱ्या बाजूला भगिनी कंपनीला बिनव्याजी उसने जातायत, असं चित्र दिसलं तर तुमच्या प्रकरणाचा कणा सापडला असं समजा. ऑडिटरचा अहवालही वाचा. तिथे 'मत राखून' अशी एखादी ओळ असेल तर तिच्याखाली रेघ मारा.

तिसरा, बोजांची नोंद. प्रकल्प कोणत्या वित्तसंस्थेकडे, किती रकमेला गहाण आहे ते त्यात असतं. तुमच्या करारनाम्याच्या तारखेला हा बोजा होता आणि तुम्हाला सांगितला नव्हता, तर तो स्वतंत्र मुद्दा आहे.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान असतंच. तिथे आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांची प्रमाणपत्रं म्हणजे फॉर्म १, २ आणि ३, तसंच वार्षिक ऑडिटचा फॉर्म ५ शोधा. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून ते बांधकाम आणि जमिनीच्या खर्चासाठीच काढायचे, असा रेराचा नियम आहे. आर्किटेक्ट म्हणतो चौथा स्लॅब आणि सीएच्या कागदानुसार खर्च मात्र बाराव्या मजल्याचा, असं असेल तर ती तफावत एका ओळीत लिहून ठेवा.

जमिनीचं म्हणाल तर ठाण्यात आणि नवी मुंबईत फरक आहे. ठाण्यात सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि दुय्यम निबंधकाकडची सूची दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा) काढली की बरंचसं कळतं. नवी मुंबईत सिडकोची जमीन असेल तर ती साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते. तिथे भूखंड कोणाच्या नावे आहे, हस्तांतर कधी झालं, गहाण ठेवायला परवानगी कधी दिली, हे बेलापूरच्या सिडको भवनात माहितीच्या अधिकारात मागा. साडेबारा टक्क्यांचा, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात मूळ जमीनमालकांना दिलेला, भूखंड असेल तर हातबदल अनेक झालेले असतात आणि प्रत्येक करारावर वेगळा माणूस असतो. ही साखळी लावायला चिकाटी लागते, पण लावाच.

पायरी दुसरी: तारीखवार तक्ता

एक मोठा कागद घ्या, किंवा एक्सेल. चार रकाने करा: तारीख, काय घडलं, त्या दिवशी संचालक कोण होते, पुरावा कोणता. बुकिंगपासून आजपर्यंत सगळं त्यात ओता. साइटवर ऑक्टोबरमध्ये काम थांबलं, नोव्हेंबरमध्ये 'स्लॅब पडला' म्हणून मागणीपत्र आलं आणि डिसेंबरमध्ये एका संचालकाचा राजीनामा, अशा गोष्टी वेगवेगळ्या फायलींत विखुरलेल्या असतात तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाहीत. एका रेघेत आल्या की अर्थ लागतो.

व्हॉट्सॲप आणि ई-मेलवरची आश्वासनं कोणी पाठवली तेही लिहा. 'कंपनीने सांगितलं' असं लिहू नका. कंपनीला तोंड नसतं. कोणी सांगितलं, कोणत्या नंबरवरून, कोणत्या दिवशी, ते लिहा. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. मूळ फोन नंतर पुरावा म्हणून लागू शकतो.

पायरी तिसरी: कोणाला धरायचं, कोणाला सोडायचं

इथे माझं मत थोडं न आवडणारं आहे. मास्टर डेटावरची सगळी नावं उचलून सगळ्यांना आरोपी करायचा मोह आवरा. २०१५ च्या सुनील भारती मित्तल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की केवळ संचालक आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. त्याचा प्रत्यक्ष सहभाग आणि हेतू दिसला पाहिजे, किंवा कायद्यातच तशी जबाबदारी लिहिलेली असली पाहिजे. दहा जणांना गुंतवलं की त्यातले सहा जण उच्च न्यायालयात धाव घेतात आणि उरलेल्या चौघांविरुद्धचं कामही रेंगाळतं.

व्यवस्थापकीय संचालक, करारनाम्यावर आणि चेकवर सही करणारा, बँक खातं चालवणारा, ग्राहकांच्या बैठका घेणारा: हे पहिल्या यादीत. वित्तसंस्थेने नेमलेला प्रतिनिधी संचालक आणि स्वतंत्र संचालक दुसऱ्या यादीत. स्वतंत्र संचालकाची जबाबदारी कंपनी कायद्याच्या कलम १४९(१२) ने मर्यादित केली आहे. संचालक मंडळासमोर आलेल्या आणि त्याला माहीत असलेल्या गोष्टींपुरती, किंवा त्याने योग्य ती दक्षता घेतली नसेल तिथपर्यंत.

मग येतात नातेवाईक. पत्नी, सून, म्हातारी आई. त्यांच्या नावाने फक्त कागद रंगवलेत की त्यांच्या खात्यात पैसे गेलेत, हे ताळेबंदातून पाहा. पैसे गेले असतील तर नाव घ्या. नसतील तर सोडा. उलट प्रकारही असतो: खरा सूत्रधार संचालकच नसतो, आणि संचालक म्हणून ऑफिसातला ड्रायव्हर किंवा शिपाई बसवलेला असतो. अशा वेळी रेराच्या व्याख्येतला 'प्रवर्तक', म्हणजे प्रकल्प उभारणारा, हा शब्द कामाचा ठरतो, आणि बँक खात्यावर सहीचा अधिकार कोणाला आहे हा प्रश्न पोलिसांना विचारायला लावा.

पायरी चौथी: नोटीस

नोटीस कंपनीला आणि प्रत्येक निवडलेल्या संचालकाला वेगवेगळी पाठवा, स्पीड पोस्टाने, पोचपावती जपून. सगळ्यांना एकच मजकूर नको. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा परिच्छेद हवा. आम्ही वकिलांकडून करून घेतलेल्या मजकुराचा साचा असा होता:

"आपण दि. … पासून दि. … पर्यंत सदर कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक होता. दि. … रोजीच्या करारनाम्यावर कंपनीतर्फे आपण सही केली. दि. … रोजी आपल्या ई-मेलने डिसेंबरअखेर ताबा देण्याचे लेखी कळवले. त्या आर्थिक वर्षाच्या ताळेबंदानुसार, आपणच संचालक असलेल्या … या कंपनीस रु. … बिनव्याजी देण्यात आले. ही रक्कम कोणत्या ठरावाने व कोणत्या कारणासाठी दिली, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. खुलासा न आल्यास सदर रकमेबाबत आपणांस वैयक्तिकरीत्या जबाबदार धरून कारवाई करण्यात येईल."

शिव्याशाप नाहीत, 'लुटारू' नाही. उत्तर आलं नाही तर तेही नंतर सांगता येतं. उत्तर आलं आणि त्यात "तो निर्णय दुसऱ्या संचालकाचा होता" असं असेल, तर तुम्हाला एक साक्षीदार मिळाला.

पायरी पाचवी: दार निवडणं

एकाच वेळी सगळीकडे धावू नका. पण काही मार्ग एकमेकांसोबत चालू शकतात, आणि काहींना मुदत असते. ती आधी पाहा.

*चेक.* परताव्यापोटी दिलेला चेक वटला नसेल तर हे सगळ्यात धारदार हत्यार. बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत मागणीची नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. यातली एक तारीख चुकली की सगळं विस्कटतं. कंपनीला आरोपी करायलाच हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अनिता हाडा प्रकरणात सांगितलं. संचालकाला जोडताना तो त्या वेळी कंपनीचा कारभार पाहत होता आणि त्याला जबाबदार होता, हे तक्रारीत स्पष्ट लिहिलं पाहिजे. चेकवर सही करणाऱ्याच्या आणि व्यवस्थापकीय संचालकाच्या बाबतीत काम सोपं असतं. खटला चालू असताना चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागण्याची सोय २०१८ पासून आहे, ती मागायला विसरू नका.

*महारेरा.* तक्रारीची फी ५,००० रुपये. रेराच्या कलम १८ खाली परतावा किंवा विलंबाचं व्याज मागता येतं. प्रतिवादींच्या यादीत कंपनीसोबत निवडलेले संचालक घाला, कलम ६९ चा उल्लेख करा, आणि मागण्यांमध्ये 'संयुक्तपणे व स्वतंत्रपणे' हे शब्द लिहा. कलम ३६ खाली अंतरिम आदेश मागा: उरलेले फ्लॅट विकू नयेत, खात्यातून पैसे काढू नयेत. हे सुरुवातीलाच. दोन वर्षांनी निकाल लागेपर्यंत विकण्यासारखं काही शिल्लक नसतं.

आदेश झाल्यावरची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. कलम ४०(१) प्रमाणे रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि तिथून तहसीलदारांकडे. पत्ता 'नवी मुंबई' असला तरी जिल्हा कोणता ते पाहा. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे हे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात, जिल्हाधिकारी अलिबागला. पोलिसांचं मात्र उलट: हे दोन्ही भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयातच येतात. वॉरंट चुकीच्या जिल्ह्यात गेलं की महिने जातात. आमच्या गटातल्या एका कुटुंबाचे असे पाच महिने गेले.

तहसीलला मोकळ्या हाताने जाऊ नका. मालमत्तेची यादी तुम्हीच न्या: न विकलेले फ्लॅट, सूची दोनच्या प्रती, सातबारा, वाहनं, बँक खात्यांचे तपशील. विक्री होईपर्यंत निदान सातबाऱ्यावर बोजा चढवून घ्या. आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात संचालकाचं नाव नसेल तर तहसीलदार त्याच्या मालमत्तेला हात लावणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही.

आमच्यासारखा फक्त कंपनीवर आदेश असेल तर आणखी एक वाट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ४१ खाली ऋणको कंपनीच्या अधिकाऱ्याला बोलावून तिच्या मालमत्तेची माहिती शपथेवर मागता येते. प्रतिज्ञापत्र दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची तरतूद आहे. संचालकाचं घर यातून मिळत नाही. पण त्याला समोर उभं राहून 'पैसे कुठे गेले' याचं उत्तर शपथेवर द्यावं लागतं.

*ग्राहक आयोग.* दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. मुदत दोन वर्षांची. इथेही तीच गोष्ट, आणि अन्सल क्राउन हाइट्सचं प्रकरण मी प्रत्येकाला सांगते. तिथल्या खरेदीदारांकडे राष्ट्रीय आयोगाचा आदेश होता, कंपनी दिवाळखोरीत गेली. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कंपनीला मिळालेल्या स्थगितीमुळे इतर प्रतिवादींविरुद्धची अंमलबजावणी थांबत नाही. मोठा आनंद झाला. पण २०२५ मध्ये त्याच प्रकरणात न्यायालयाने संचालकांविरुद्ध अंमलबजावणी नाकारली, कारण मूळ आदेशात ते जबाबदार असल्याचा निष्कर्षच नव्हता. प्रतिवादी म्हणून नाव असणं पुरत नाही. त्यांनी काय केलं यावर युक्तिवाद करा आणि आदेशात तसा निष्कर्ष मागून घ्या.

*पोलीस.* मोफा म्हणजे १९६३ चा महाराष्ट्र सदनिका कायदा अजून लागू आहे, आणि त्यात कंपनीने केलेल्या गुन्ह्यांचीही तरतूद आहे. सोबत भारतीय न्याय संहितेची फसवणुकीची (३१८) आणि विश्वासघाताची (३१६) कलमं येतात. या दोन्ही एकाच व्यवहाराला सरसकट लावू नका. सुरुवातीपासून देण्याचा इरादाच नव्हता, ही झाली फसवणूक. विश्वासाने सोपवलेला पैसा नंतर दुसरीकडे वळवला, तो विश्वासघात. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लब प्रकरणात हा फरक नीट समजावून दिलाय. पोलीस ठाण्यात "हा दिवाणी वाद आहे" असं उत्तर मिळतं, तेव्हा तुमचा तारीखवार तक्ता आणि ताळेबंदाची टीप पुढे ठेवा. मोठी रक्कम आणि बरेच तक्रारदार असतील तर आयुक्तालयाच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे अर्ज द्या. तरीही नोंद झाली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांना लेखी, आणि मग दंडाधिकाऱ्यांकडे.

*ठेवी आणि ठरावीक परताव्याच्या योजना.* घर नव्हे, भिशीसारखी सोन्याची योजना किंवा 'महिन्याला इतके टक्के' असं काही असेल तर वेगळा रस्ता आहे. जानेवारी २०२५ मध्ये टोरेस या दागिन्यांच्या ब्रँडची दुकानं बंद पडली. त्यातलं एक तुर्भ्याला होतं, आणि आपल्या भागातल्या किती घरांत रडारड झाली ते आठवून बघा. १९९९ चा एमपीआयडी कायदा अशा वेळी कामी येतो. ठेव परत न करणाऱ्या संस्थेच्या प्रवर्तक, संचालक, व्यवस्थापकांना सहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि सरकारला संस्थेची तसंच संचालकांची मालमत्ताही जप्त करता येते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. तुम्ही फक्त एवढं करा: मूळ पावत्या जपा, आणि सक्षम प्राधिकारी नेमला गेला की त्याच्याकडे आपला दावा वेळेत नोंदवा. "सगळ्यांचं होईल तेव्हा माझंही होईल" म्हणून थांबलेल्यांचं नाव यादीत येत नाही.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर

एक दिवस वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, आणि ग्रुपवर "आता सगळं संपलं" असे संदेश सुरू होतात. संपलेलं नसतं. २०१८ पासून दिवाळखोरी संहितेत घरखरेदीदार हे वित्तीय धनको आहेत, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकांच्या रांगेत. सूचनेतल्या तारखेच्या आत फॉर्म सीए भरून दावा द्या, पावत्या आणि बँक स्टेटमेंटसह.

या काळात कंपनीविरुद्धच्या कारवाया थांबतात. संचालकांविरुद्धच्या थांबत नाहीत. चेकच्या खटल्यांबद्दल २०२१ च्या पी. मोहनराज निकालात हे सांगितलंय, आणि त्याच वर्षी अंजली राठी प्रकरणात प्रवर्तकांविरुद्ध खरेदीदारांना पुढे जाता येईल असं म्हटलंय. पुढे नवा मालक आला तर कलम ३२अ खाली कंपनीला जुन्या गुन्ह्यांपासून संरक्षण मिळतं, पण त्या वेळी कारभार पाहणाऱ्यांना नाही.

सगळ्यात महत्त्वाचं याच संहितेचं कलम ६६. धनकोंना फसवण्यासाठी कारभार केला, किंवा दिवाळखोरी टळणार नाही हे कळत असून नुकसान कमी करण्याची दक्षता घेतली नाही, तर संचालकाला स्वतःच्या खिशातून कंपनीच्या मालमत्तेत भर घालायचा आदेश होऊ शकतो. हा अर्ज तुम्ही नाही, रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे दिवाळखोरीच्या काळात कंपनी सांभाळायला नेमलेला माणूस, करतो. तो आपणहून करेलच असं नाही. तुमच्या अधिकृत प्रतिनिधीमार्फत व्यवहारांच्या ऑडिटची मागणी करा, आणि पायरी दोनचा तक्ता त्यांच्या हाती द्या. भगिनी कंपनीला दिलेले पैसे कुठे शोधायचे, हे त्यांना आयतं मिळतं. संबंधित पक्षाला झुकतं माप देणारे व्यवहार मागच्या दोन वर्षांपर्यंत उकरता येतात, म्हणून इथे उशीर परवडत नाही.

गटाबद्दल थोडं

पैसे एका खात्यात, दोघांच्या सहीने. बैठकीचं टिपण त्याच दिवशी. संचालकाशी बोलायला एकटं कोणी जायचं नाही. त्याच्या सोसायटीच्या गेटवर घोषणा द्यायला जाऊ नका. राग खरा असतो, पण मग तक्रारदार तुम्ही न राहता तो होतो.

तडजोड: सही दोनदा घ्या

आमच्या आदेशात संचालकांची नावं नव्हती हे आधी सांगितलंच. मग आम्ही मोफाखाली पोलिसांत गेलो, गटातल्या एकाच्या न वटलेल्या चेकचा खटला लावला, आणि शपथेवर माहिती मागणारा अर्ज केला. चौथ्या महिन्यात त्यांच्या वकिलांचा फोन आला. नौपाड्यात आमच्या वकिलांच्या ऑफिसात बैठक झाली. हप्ते ठरले. संमतीपत्र टाइप होऊन समोर आलं आणि व्यवस्थापकीय संचालकांनी सही केली: 'कंपनीकरिता, संचालक'.

ती सही बघून माझ्या जुन्या नोकरीतली सवय जागी झाली. अशी सही फक्त कंपनीला बांधते. मी म्हटलं, "साहेब, अजून एक सही लागेल. स्वतःची." वादावादी झाली, तासभर. शेवटी संमतीपत्रात आम्ही हे घालून घेतलं: संचालकाचं नाव, पॅन, राहता पत्ता, ही रक्कम देण्याची जबाबदारी कंपनी आणि ते स्वतः अशी संयुक्त व स्वतंत्र, हप्त्यांचे चेक त्यांच्या वैयक्तिक खात्याचे, एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम व्याजासह लगेच देय, आणि पूर्ण पैसे येईपर्यंत आम्ही कोणतीही तक्रार मागे घेणार नाही. शेवटच्या अटीवर ते सगळ्यात जास्त अडून बसले होते. तुम्हीही तीच अट सोडू नका. आधी तक्रार मागे घ्या आणि मग पैसे, असं ज्यांनी मान्य केलं त्यांचे अनुभव मी ऐकलेत.

वैयक्तिक हमीचा दस्त योग्य मुद्रांक लावून करा आणि त्याची एक प्रत प्रत्येक सदस्याकडे ठेवा. सही करताना त्यांच्या राहत्या घराचा सूची दोनचा उतारा आम्ही जोडला होता. पुढे जप्तीची वेळ आली तर तहसीलदारांनी "काय आहे ते सांगा" असं विचारल्यावर आमच्याकडे उत्तर हवं होतं.

पहिले तीन हप्ते वटले आहेत. दुसऱ्या संचालकांनी अजून सही केलेली नाही. त्यांच्याविरुद्धची तारीख पुढच्या महिन्यात ठाणे न्यायालयात आहे, आणि तक्त्याची सुधारित प्रत मी कालच वकिलांकडे दिली.